चार नंबरचा रंधा आणि पाच पटाश्या : काही महिन्यांच्या वापरानंतर

नवा रंधा हातात आल्यावर पहिल्याच आठवड्यात लिहिलेल्या मतावर मी फारशी विसंबत नाही. तोवर धार जेमतेम एकदा लावलेली असते, लाकडाचे सोपे तुकडेच रंधून झालेले असतात आणि वस्तूच्या नवेपणाचा आनंद ओसरलेला नसतो. म्हणून बेडरॉक घाटाचा चार नंबरचा (पृष्ठभाग गुळगुळीत करण्याच्या मापाचा) रंधा आणि बाजूंना उतार असलेल्या पाच पटाश्यांचा संच घेतल्यावर, टेबल, खणांचे कपाट आणि बरीच लहानमोठी कामे त्यांच्यावर पार पडेपर्यंत मी लिहायचे थांबले होते. या घाटाची हत्यारे आज अनेक कंपन्या बनवतात आणि माझे निष्कर्ष मुख्यतः घाट, पोलाद आणि घडण यांच्याविषयी आहेत, त्यामुळे कंपनीचे नाव येथे घेत नाही.

सर्वांत महत्त्वाचे मत आधीच सांगते. चांगल्या घडणीच्या नव्या हत्याराचा मोठा फायदा असा, की काम बिघडले तर कारण शोधायला फार लांब जावे लागत नाही. तळ सरळ आहे, पाते बैठकीवर पूर्ण टेकले आहे, स्क्रू आपली जागा सोडत नाहीत, इतक्या गोष्टींची खात्री असली की संशय घ्यायला फक्त धार आणि पात्याची जुळणी एवढेच उरते, आणि या दोन्ही गोष्टी आपल्या हातात असतात. नव्याने शिकणाऱ्या माणसासाठी ही खात्री मोलाची आहे. जुना, वाकड्या तळाचा रंधा दुरुस्त करून वापरता येतो, पण त्याच्यात नेमके काय बिघडले आहे हे ओळखण्यासाठी आधी चांगला रंधा कसा चालतो हे हाताला माहीत असावे लागते.

या रंध्याची मूळ रचना जुनी आहे. अमेरिकेतील लिओनार्ड बेली यांनी विकसित केलेली रंध्यांची रचना 1869 मध्ये स्टॅनली कंपनीकडे गेली, आणि पात्यामागचे चाक फिरवून कापाची खोली कमी-जास्त करण्याची आज सर्वत्र दिसणारी सोय त्याच परंपरेतून आली. पाते ज्या उतरत्या बैठकीवर टेकते तिला फ्रॉग म्हणतात. बेलीच्या घाटात हा फ्रॉग रंध्याच्या अंगाला थोड्याच जागी टेकतो. जस्टस ट्रॉट यांच्या 1895 च्या पेटंटवर आधारलेल्या बेडरॉक घाटात तो जवळजवळ पूर्ण लांबी-रुंदीने टेकतो, आणि या घाटाच्या पुढच्या आवृत्त्यांत पाते न काढताही तो पुढे-मागे सरकवता येतो. माझ्या कामात मात्र ही सरकवण्याची सोय फारशी उपयोगी पडलेली नाही. रंध्याचे तोंड, म्हणजे पाते तळातून जिथे बाहेर येते ती फट, एकदा बेताचे ठेवल्यावर ते पुन्हा बदलण्याची गरज क्वचितच भासली. पूर्ण टेकणाऱ्या बैठकीचा उपयोग मात्र रोज होतो, कारण कठीण लाकडावर जुन्या पातळ पात्याला येणारी थरथर आणि त्यामुळे पृष्ठभागावर उमटणाऱ्या बारीक लाटा या रंध्याने आजवर दाखवलेल्या नाहीत. पाते सुमारे तीन मिलिमीटर जाड असणे हेही त्याचे एक कारण असावे. जुन्या स्टॅनलीची पाती साधारण दोन मिलिमीटरची असत.

डब्यातून काढताक्षणी रंधा चालू लागला, अशा वर्णनांवर फार विश्वास ठेवू नये. पात्याचा उतार 25 अंशांत घासलेला होता आणि पाठ बऱ्यापैकी सपाट होती, पण शेवटची धार लावून घ्यायची होतीच, आणि ते काम वापरणाऱ्याचेच असते. पाठीचा धारेलगतचा भाग 1000 आणि नंतर 8000 क्रमांकाच्या (क्रमांक मोठा तितका दगड बारीक) पाणदगडावर आरशासारखा होईपर्यंत घासला, टोकाला 30 अंशांचा बारीक दुय्यम उतार दिला आणि पात्याचे दोन्ही कोपरे बोटाचा दाब थोडा बदलून किंचित मागे घेतले, म्हणजे रंध्याच्या कडेची रेघ लाकडावर उमटत नाही. तळाला मी हात लावला नाही. पोलादी पट्टी उभी धरून उजेडासमोर पाहिली, तोंडाच्या पुढे, मागे आणि दोन्ही टोकांना फट दिसली नाही, एवढे पुरेसे होते.

ज्या गोष्टीने मला या रंध्याविषयी खरा जिव्हाळा वाटू लागला, ती पात्यावर बसणाऱ्या दुसऱ्या लोखंडाची, म्हणजे कॅप आयर्नची आहे. दुहेरी पाते युरोपात अठराव्या शतकापासून प्रचारात आहे, तरी ते कशासाठी असते याविषयी गैरसमज फार आहेत. पात्याला आधार देणे एवढेच त्याचे काम आहे असे अनेक जण समजतात. जपानमधील यामागाता विद्यापीठात काटो आणि कावाई या संशोधकांनी यंत्रावर लाकूड रंधताना केलेले चित्रीकरण 2012 च्या सुमारास जगभरातल्या हौशी सुतारांपर्यंत पोहोचले. कॅप आयर्नची कड पुरेशी उभी असेल आणि ती धारेपासून मिलिमीटरच्या एक-दोन दशांशांवर ठेवली, तर उलट्या रेषेतही (लाकडाचे तंतू पात्याच्या विरुद्ध दिशेला असतानाही) लाकूड उचकटत नाही, हे त्यात स्पष्ट दिसते. पाते लाकडात शिरते तेव्हा वर उचलला जाणारा छिलपा तरफेसारखा पुढचे तंतू उपटू पाहतो, पण कॅप आयर्नची कड त्याला लगेच पुढे ढकलून मोडते आणि तरफ तयारच होऊ देत नाही.

हे माझ्या कामात मी नेमके कोठे पाहिले ते सांगते. टेबलाच्या फळीत एका गाठीभोवती रेषा वळसा घेऊन उलटत होती, आणि कोणत्याही दिशेने रंधले तरी गाठीच्या एका बाजूला खडबडीत चट्टा पडत होता. नुसती ताजी धार लावून चट्टा लहान झाला, पण गेला नाही. मग कॅप आयर्नचा स्क्रू थोडा सैल करून त्याची कड धारेकडे इतकी सरकवली की दोघांच्या मध्ये चकाकत्या पाठीची केसाएवढी रेघच उरली, स्क्रू पुन्हा घट्ट केला आणि बारीक काप घेतला. तोपर्यंत गुंडाळत बाहेर पडणारा छिलपा आता जवळजवळ सरळ, किंचित चुण्या पडलेला असा तोंडातून वर उभा राहू लागला, आणि गाठीच्या दोन्ही बाजूंना लाकूड सारखेच चकाकले. छिलपा सरळ निघू लागणे ही कॅप आयर्न काम करत असल्याची सर्वांत सोपी खूण आहे. त्याच वेळी रंधा ढकलायला थोडा जड होतो, हेही लक्षात ठेवावे. सरळ रेषेच्या लाकडावर इतके जवळ ठेवण्याची गरज नसते आणि तेथे श्रम वाया जातात.

रंध्याचे नवे कॅप आयर्न जाड आणि सरळ घडणीचे आहे, जुन्यासारखे वाकवलेल्या पत्र्याचे नाही. ते पात्यावर घट्ट बसते, फटीत छिलपे अडकत नाहीत. त्याची पुढची कड मात्र कारखान्यातून फारच निमुळती आली होती. ती दगडावर थोडी उभी, साधारण 50 अंशांपर्यंत करून घेतल्यावरच वर सांगितलेला परिणाम मिळाला. नवा रंधा घेणाऱ्याने पात्याच्या धारेआधी हे काम करावे, असे मी म्हणेन.

पोलादाविषयी इतके काही बोलले जाते की त्यात नेमका फरक हरवून जातो. रंध्याचे पाते ए-टू पोलादाचे आहे आणि पटाश्या ओ-वनच्या आहेत, त्यामुळे दोन्हींचा अनुभव एकाच बाकावर घेता आला. नावातील पहिले अक्षर पोलादाला पाणी कशात देतात हे सांगते : ए-टू (ए म्हणजे एअर) हवेत थंड होऊन कडक होते, ओ-वन (ओ म्हणजे ऑइल) तेलात. ए-टूमध्ये सुमारे एक टक्का कार्बन आणि पाच टक्के क्रोमियम असते. क्रोमियमचे कठीण कण धार टिकवतात, पण तेच कण धार फार निमुळती केली तर काठावरून निखळतात, म्हणून ए-टूला 30 अंशांपेक्षा कमी उतार मानवत नाही. ओ-वनची धार अधिक बारीक येते, दगडावर लवकर लागते आणि तितक्याच लवकर उतरते. सागवानात सिलिका असल्यामुळे ते कोणत्याही धारेला लवकर बोथट करते. त्यावर काम करताना ए-टूच्या पात्याला दगडाकडे परत न्यावे लागण्यात बराच फरक पडला. पाइनसारख्या मऊ लाकडावर मात्र हा फरक मला जाणवला नाही.

धार गेली हे ओळखायला मी पाते खिडकीसमोर धरते. ताजी धार उजेडात दिसतच नाही, आणि बोथट झालेल्या जागी पांढरी बारीक रेघ चमकते. हे तपासायला दोन क्षण लागतात, आणि एकदा सवय लागली की हात आपोआप खिडकीकडे वळतो.

आता पटाश्या. रंध्याचे कौतुक सगळे करतात, पण या संचातून अधिक आनंद मला पटाश्यांनी दिला, आणि त्याचे कारण पोलादापेक्षा त्यांच्या बाजू आहेत. स्वस्त पटाशीच्या कडा जाड, चौकोनी असतात. डव्हटेलच्या, म्हणजे शेपटीच्या आकाराची टोके एकमेकांत अडकवणाऱ्या सांध्याच्या, तिरप्या खाचेच्या कोपऱ्यात अशी पटाशी सरकवली की तिची कड शेजारच्या शेपटीला दाबते आणि जिथे सांधा दिसतो तिथेच लाकूड चेपते. या पटाश्यांच्या बाजूंची जाडी पाठीजवळ जवळजवळ शून्यावर आली आहे, त्यामुळे एकास सहा किंवा एकास आठ उताराच्या शेपट्यांमध्येही त्या तळाच्या कोपऱ्यापर्यंत पोहोचतात. कोपरा स्वच्छ करताना पाठ लाकडावर सपाट टेकवायची, दुसऱ्या हाताच्या बोटाने ती दाबून धरायची आणि खांद्याच्या वजनाने हळूच पुढे जायचे : पाठ खरोखर सपाट असेल तर पटाशी स्वतःच स्वतःला सरळ रेषेत ठेवते. पाइनच्या आडव्या छेदावर (जिथे तंतूंची टोके कापलेली दिसतात) ही परीक्षा करून पाहावी. मऊ तंतू चेपून चुरा न होता पारदर्शक पापुद्रा निघाला आणि मागे चकाकता पृष्ठभाग राहिला, तर धार आणि पाठ दोन्ही ठीक आहेत.

या बारीक बाजूंचा त्रासही आहे. त्यांचे कोपरे इतके धारदार होते की पटाशी पात्यापाशी धरून काम करताना बोटाला चरे पडत. बारीक दगडाने हे कोपरे जेमतेम मोडून घेतले आणि धारेजवळचा थोडा भाग तसाच ठेवला. सहा मिलिमीटरच्या पटाशीची धार किंचित तिरकी घासलेली आली होती, ती गुण्या लावून सरळ करावी लागली. दांडे पात्याच्या लोखंडी खोबणीत बसणारे आहेत, आणि हवा कोरडी झाली की लाकूड आकसून ते सुटतात. उचलताना पाते खाली पडले तर धार आणि पाय दोन्ही धोक्यात येतात, म्हणून काम सुरू करण्यापूर्वी दांड्याचे टोक बाकावर एकदा ठोकून घेते. हा दोष या घाटाचा आहे, एखाद्या नगाचा नाही, आणि ज्यांना तो नको असेल त्यांनी लोखंडी शेपूट दांड्यात शिरणारा प्रकार पाहावा. त्याच्या बदल्यात खोबणीच्या दांड्याचा फायदा असा, की तो फुटला तर नवा दांडा लेथवर किंवा हातानेही करता येतो, आणि पटाशीचा तोल हातात छान राहतो.

रंध्याच्या तक्रारी थोड्याच आहेत. त्याचे वजन सुमारे दोन किलो असल्याने कठीण लाकडात तो आपल्या जोराने पुढे जातो, पण दिवसभर काम केल्यावर खांदा दुखतो. तळावर मेणबत्तीचे मेण दोन-चार वेळा फिरवले की घर्षण इतके कमी होते की वजनाची तक्रार निम्म्यावर येते. माझ्या मते हा सर्वांत दुर्लक्षित उपाय आहे. मागची मूठ रुंद तळव्यासाठी लहान आहे. चार बोटे आत कोंबण्यापेक्षा तर्जनी बाहेर, फ्रॉगच्या बाजूने पुढे ठेवावी, मूठ त्यासाठीच घडवलेली आहे. कापाच्या खोलीचे चाक दिशा बदलताना थोडे रिकामे फिरते. पण शेवटचे फिरवणे नेहमी पाते पुढे नेणारे ठेवले की याचा कामावर परिणाम होत नाही. दमट हवेत लोखंडी अंगावर रात्रीत गंजाचे ठिपके येतात, म्हणून ठेवताना कॅमेलियाच्या तेलाचा फडका सर्वांगावर फिरवते.

आता नव्या हत्यारांच्या ओढीविषयी. ही ओढ मला समजते आणि तिला मी दोष देत नाही. नीट घडवलेल्या लोखंडाला हात लागला की पुढचे हत्यार हवेसे वाटणे स्वाभाविक आहे. चारनंतर पाच नंबर, मग कमी कोनाचा रंधा, मग लहान ब्लॉक रंधा, अशी यादी वाढत जाते. कमी कोनाच्या रंध्यात पाते 12 अंशांच्या बैठकीवर उतार वर करून बसते, त्यामुळे 25 अंशांच्या धारेने एकूण कोन 37 अंश होतो आणि आडव्या छेदावर तो उत्तम चालतो. पण त्यात कॅप आयर्न नसते, आणि उलट्या रेषेवर तेच हवे असते. म्हणून एकच रंधा घ्यायचा असेल तर मी चार नंबरचाच घेईन. लांब फळ्या सरळ करायच्या असतील तरच पाच किंवा त्याहून लांब रंधा घ्यावा, कारण लहान तळ खळग्यात उतरतो आणि उंचवटा ओळखत नाही.

पटाश्यांमध्ये पाचांपैकी बारा आणि सहा मिलिमीटरच्या दोनच बाकावर कायम असतात. अठराची अधूनमधून लागते, पंचविसाची मुख्यतः बिजागरीच्या खाचा सपाट करायला, आणि तीन मिलिमीटरची अगदी अरुंद खाचांपुरतीच. संच घेण्याऐवजी या दोन आधी घ्याव्यात, त्यांना रोज धार लावावी, आणि तिसरी कोणती हवी हे समोरच्या सांध्याला ठरवू द्यावे.