शुअर एसएम७बी: घरच्या खोलीत गाणं रेकॉर्ड करायला कसा?

भिंती उघड्या, बाहेर रहदारी अशा खोलीत कंडेन्सर माइक (जास्त संवेदनशील प्रकार) सगळंच टिपतो. एसएम७बी हा डायनॅमिक, म्हणजे कमी संवेदनशील माइक त्यातला बराचसा गोंगाट बाहेर ठेवतो. खोड एकच, सिग्नल फार क्षीण. स्वच्छ ६० डेसिबल गेन (सिग्नलची वाढ) लागतो, आणि साध्या इंटरफेसचा (माइक कॉम्प्युटरला जोडणाऱ्या डबीचा) नॉब शेवटापर्यंत पिळला की मागे ‘सुंऽऽ’ सुरू. मग माइक आणि इंटरफेसच्या मध्ये इनलाइन प्रीअँप (सिग्नल वाढवणारी छोटी नळी) जोडा. फँटम पॉवर (इंटरफेसकडून केबलमधूनच येणारी वीज) त्याला लागते, माइकला नाही.

तोंड फोमपासून चार बोटांवर, किंचित तिरकं ठेवा, म्हणजे ‘प’, ‘फ’, ‘भ’चे फटके बसत नाहीत. अगदी चिकटून गायलात तर खर्ज फुगतो. माइकच्या मागचा बेस रोल-ऑफ (खर्ज कमी करणारा) स्विच त्यासाठीच आहे. वजन पाऊण किलोच्या वर, त्यामुळे हलका स्टँड हमखास मान टाकतो.