४९,००० रुपयांचा लोखंडी दांडा

मी अडाणी नाही. बारा वर्षं नाशकात धंदा करतोय, बाउन्स झालेले चेक पाहिलेत, बुडालेली भिशी पाहिलीय. तरी फसलो, आणि तेही ज्याचा महिनाभर अभ्यास केला होता त्याच वस्तूत.

स्कॉर्पिओमागे मिसळीचा फूड ट्रेलर ओढतो. शेगड्या, सिलिंडर, पाण्याची टाकी धरून भरलेलं वजन १,३५० किलो. जोडला की गाडी मागून बसते, पुढून उचलते, स्टेअरिंग हलकं लागतं आणि रात्री हेडलाइट झाडांच्या शेंड्यांवर. यावर इलाज वेट डिस्ट्रिब्यूशन हिच, म्हणजे गाडी आणि ट्रेलर जोडणारा, वजन वाटून देणारा जोड. त्याचे दोन स्प्रिंग बार ताणून बसवले की मागचं ओझं थोडं पुढच्या चाकांवर, थोडं ट्रेलरच्या चाकांवर जातं. 'इम्पोर्टेड, भिवंडीच्या गोडाऊनमध्ये शेवटचा पीस' अशी जाहिरात दिसली आणि हुरळलो. पुढचं तुम्हाला माहीतच आहे. टोकन ५,००० यूपीआयवर, टेम्पोतून माल उतरल्यावर ४१,५००, फिटिंगचे २,५०० रोख. जीएसटी बिल? "सर, दोन दिवसांत व्हॉट्सअ‍ॅप करतो."

बिल हातात नाही तर पैसे नाहीत, एवढं तरी पाळा.

आता जिथं माझी ट्यूब पेटायला हवी होती ती जागा. फिटरनं बारच्या टोकाची साखळी दोन बोटांनी उचलून ट्रेलरच्या हुकात अडकवली. दोन बोटांनी! खऱ्या हिचला ट्रेलरचं तोंड जॅकवर उचलावं लागतं, नाहीतर पाइप घालून साखळी वर खेचावी लागते. तो ताण नसेल तर वजन पुढं जाणार कशानं? हे मी व्हिडिओत दहादा पाहिलं होतं. आणि त्या क्षणी मी त्याला काय विचारलं? "चहा घेणार का?"

ट्रेलरचं वजन किती, हेही त्यानं विचारलं नाही. "सगळ्यांना एकच साइज चालते सर." नाही चालत. गाडीमागच्या ज्या गोळ्यावर ट्रेलर अडकतो त्या बॉलवर साधारण ट्रेलरच्या एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के भार यावा लागतो, म्हणजे माझा १३५ ते २०० किलो. बार त्या हिशेबानं घ्यायचा. स्टिकरवर १,००० पाउंड, म्हणजे साडेचारशे किलो होतं, आणि मी 'जास्त म्हणजे चांगलंच' म्हणून खूश.

घोटीजवळ एक कंटेनर बाजूनं गेला आणि ट्रेलर शेपटीसारखा हलायला लागला. शेजारी बायको. ब्रेक न मारता पाय काढला म्हणून वाचलो. अंबडच्या फॅब्रिकेटरनं वाकलेल्या बारला ग्राइंडर लावून ठिणग्या पाहिल्या. "भाऊ, हे पाट्याचं, स्प्रिंगचं लोखंड नाही. साधा एमएस, म्हणजे माइल्ड स्टीलचा बार आहे, वरून काळा रंग मारलाय." मग टेप काढला. पुढच्या चाकावरच्या कमानीची उंची ट्रेलरशिवाय ८८ सेंमी, जोडल्यावर ९१, बार लावल्यावर ९१. बारनं ती परत खाली यायला हवी. दहा रुपयांच्या टेपनं कळलं असतं!

पोलीस ठाण्यात म्हणाले, "माल मिळाला ना? मग फसवणूक कसली? हा व्यवहाराचा वाद आहे." दुसऱ्या खेपेला साहेब जेवायला गेलेले, तिसऱ्या खेपेला सिंहस्थाच्या बैठकीला. चौथ्यांदा अर्ज घेतला, पोच मागितली तर "उद्या या". ग्राहक आयोगात तक्रारीसाठी गेलो तर तिथला बाबू म्हणतो, विक्रेता भिवंडीचा, तिकडं जा. अहो, २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं तक्रारदार राहतो तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते, ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला फीसुद्धा नाही. हे मी त्यांना शिकवायचं? वर विचारतात, विक्रेत्याचा पत्ता द्या. पत्ता असता तर मीच गेलो नसतो का?

त्याचा नंबर बंद आहे. जाहिरात मात्र परवा नव्या नावानं पुन्हा दिसली. फिटरनं 'वॉरंटीसाठी' म्हणून काढलेला फोटो तिच्यात आहे. पांढरी स्कॉर्पिओ, नंबर प्लेट पुसलेली, मागच्या काचेवर 'आईचा आशीर्वाद'. ती माझी गाडी आहे.