गेटअवे फोर बाय फोर : दीड वर्ष, दोन पावसाळे आणि एक रबरी नळी

मिस्त्रींनी मागच्या डिफरन्शियलचा, म्हणजे मागच्या दोन चाकांमधल्या गिअरांच्या डब्याचा, ड्रेन प्लग सैल केला आणि खाली ठेवलेल्या पातेल्यात आधी वाटीभर पाणी पडलं. मग ऑइल आलं. गिअर ऑइल मधासारखं असतं, फार तर काळपट. हे दूध जास्त झालेल्या चहासारखं होतं. मिस्त्रींनी दोन बोटांमध्ये चोळून बघितलं, माझ्यासमोर धरलं आणि म्हणाले, "दादा, किती दिवस आवाज येतोय?"

तीन आठवडे येत होता. साठच्या वेगाला ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की मागून बारीक हूंऽऽ. मी तो नव्या टायरांचा समजून सोडून दिला होता, कारण ऑल टेरेन टायर थोडे गुणगुणतातच. पिनियनची, म्हणजे डब्यातल्या छोट्या गिअरची, दोन्ही बेअरिंगं गेली होती. बेअरिंग, सगळी सील, एकदा धुवायला आणि एकदा भरायला ऑइल आणि मजुरी मिळून १६,४०० रुपये. गाडी चिखल-पाण्यासाठी बदलून घेण्यावर दोन लाखांच्या आसपास खर्च करून चार महिने झाले होते. त्या दोन लाखांत एक ७४० रुपयांची गोष्ट नव्हती, म्हणून हे झालं. हा अनुभव मुख्यतः तिच्याबद्दलच आहे.

गाडी म्हणजे महिंद्राची स्कॉर्पिओ गेटअवे पिकअप, २०११ची, मी दुसऱ्याकडून घेतलेली. एमहॉक इंजिन, फोर व्हीलचा नॉब, पाच मीटरच्या वरची लांबी हे सगळं ही गाडी बघणाऱ्यांना माहीत आहे, ते परत सांगत नाही. माझा वापर हौशी ट्रॅकवरचा नाही. अकोले तालुक्यात आमची भाताची खाचरं ओढ्यापलीकडे आहेत. जून ते ऑक्टोबर त्या ओढ्याला पाणी असतं आणि पलीकडचा चढ म्हणजे तांबडा चिखल. खतं, मजूर, सुगीला पोती, सगळं याच गाडीतून जातं. पाण्यात घालण्याआधी मी काठी घेऊन स्वतः चालत जातो. पाणी गुडघ्याच्या वर लागलं किंवा पायाला ओढ जाणवली, तर गाडी अलीकडेच राहते.

म्हणजे पाणी गुडघ्याखालीच. तेवढ्या पाण्यातही डिफरन्शियल भरलं, ते कसं हे मिस्त्रींनी मला तिथेच गॅरेजच्या पायरीवर बसून सांगितलं. घाट चढून आलेल्या गाडीचा मागचा डबा हात लावू देत नाही इतका गरम असतो. आतली हवा फुगलेली असते. तशीच गाडी पावसाळ्यातल्या गार पाण्यात उतरवली की डबा एकदम थंड होतो, हवा आकसते आणि आत ओढ तयार होते. हवेला येण्याजाण्यासाठी डब्याच्या डोक्यावर बोटाच्या पेराएवढी टोपी असते, तो ब्रीदर. माझी टोपी चिखलाने बुजून दगड झाली होती. हवा तिथून येईना, मग ओढ लागली सीलला. सील आतलं ऑइल अडवायला केलेली असतात, बाहेरून ओढलेलं पाणी अडवायला नाही. दर फेरीला घोट घोट पाणी आत गेलं. टोपी बुजली नसती तरी ती पाण्याच्या उंचीवरच होती, म्हणजे तिच्यातूनही पाणीच आत गेलं असतं.

उपाय साधा आहे. टोपी काढायची, तिथे नळी बसेल असा तुकडा लावायचा आणि ऑइलला टिकणारी रबरी नळी वर उंच न्यायची. माझी मागची नळी हौद्याच्या पुढच्या भिंतीमागून वर गेली आहे, तोंडाला छोटा फिल्टर. गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारा डबा) आणि पुढचं डिफरन्शियल यांच्या नळ्या बॉनेटखाली फायरवॉलपाशी, म्हणजे इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यापाशी आणल्या. नळ्या, क्लिपा, फिल्टर धरून ७४०. एक काळजी घ्यायची: मागचा ॲक्सल खालीवर हलतो, तेव्हा तिथे नळीला वीतभर ढील ठेवायची, नाहीतर पहिल्याच खड्ड्यात ती निसटते. पुढचं डिफरन्शियल चासीला बसवलेलं असल्यामुळे तिकडे ही अडचण नाही.

आता ज्यांनी गाडीवर हे बदल करून दिले त्यांच्याबद्दल. पुण्यातलं दुकान आहे, नाव घेत नाही. त्यांनी मला २२,००० रुपयांचा स्नॉर्कल, म्हणजे इंजिनाची हवा उंचावरून घेणारा पाइप विकला. इंजिनात पाणी गेलं तर ते दबत नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो, इंजिन उतरतं, हे सगळं त्यांनी नीट समजावलं आणि ते खरंच आहे. पण गुडघाभर पाण्यात बॉनेटच्या उंचीवरच्या हवेच्या तोंडाला धोका नव्हताच. धोका होता तो खाली चाकांच्या मध्ये. बिल हातात घेऊन मी फोन केला, तर मला सांगण्यात आलं की, "तुम्ही गाडी पाण्यात घालणार हे आम्हाला बोलला नव्हतात." स्नॉर्कल विकताना मी गाडी कशात घालणार असं त्यांना वाटलं होतं? यावर उत्तर मिळालं नाही. तीन वेळा फोन केला, एकदा स्वतः गेलो, पाच पैसेही परत आले नाहीत. मला पैशांपेक्षा याचा राग आहे की, त्यांना ब्रीदर माहीत होता. त्यांच्या स्वतःच्या दाखवायच्या गाडीला नळ्या लावलेल्या मी नंतर डोळ्यांनी पाहिल्या. स्नॉर्कलचा एक फायदा मान्य करतो: उन्हाळ्यात धुळीच्या रस्त्यावर एअर फिल्टर आधीपेक्षा कमी भरतो.

इथपर्यंतचं मी गेल्या वर्षी गणपतीत लिहून ठेवलं होतं. दुसरा पावसाळा संपत आलाय आणि काही मतं बदलली आहेत, ती खाली.

लिफ्टला, म्हणजे गाडी उंच करून घेण्याला, तेव्हा मी दहापैकी नऊ दिले असते. आज चार देतो. पुढे टॉर्शन बार (स्प्रिंगचं काम करणारी पिळाची सळई) आवळून दोन इंच आणि मागे स्प्रिंगचा एक जादा पाटा, मिळून ३८,०००. गाडी उभी असताना रुबाबदार दिसायची. पण पुढचं चाक आधीच खालच्या टोकाला टेकलेलं, त्यामुळे खड्ड्यात उतरायला त्याला जागाच उरेना, ठक् ठक् आवाज यायचा. ॲक्सलचे कोन वाढले आणि सात हजार किलोमीटरला सीव्ही जॉइंटचं, म्हणजे पुढच्या चाकाला ताकद नेणाऱ्या सांध्याचं, रबरी बूट फाटलं. आता एकच इंच ठेवलाय. मागचा जादा पाटा तर काढूनच टाकला. रिकाम्या हौद्याने गाडी इतकी उडायची की आई राजूरपर्यंतच्या प्रवासानंतर दोन दिवस कंबर धरून होती, आणि चिखलात तेच उडणारं चाक पकड सोडायचं. त्याऐवजी पावसाळाभर मागच्या ॲक्सलच्या वर वाळूची तीन पोती ठेवतो. फरक जमीन-अस्मानाचा आहे आणि वाळू घरचीच.

लिफ्टबद्दल आणखी एक गोष्ट विकताना कुणी सांगत नाही. मागचा ॲक्सल सलग असतो. पाटे वाढवले की चासी वर जाते, डिफरन्शियलचा डबा आहे तिथेच राहतो. तो वर जातो फक्त टायरने. माझ्याकडे २४५/७५ आर १६ होते, तिथे २६५/७५ आले. हिशेब केला तर व्यास ३० मिलिमीटर वाढतो, म्हणजे डब्याखाली १५ मिलिमीटर जास्त. दगडावर घासणारा डबा ३८,००० रुपयांनी एक केसभरही वर गेला नाही, हे मी दुसऱ्या वर्षी जमिनीवर आडवा पडून टेपने मोजलं. टायरमुळे मीटर आता चार टक्के कमी दाखवतो, तेव्हा मायलेज काढताना ते धरावं लागतं. ते चार टक्के धरून माझा आकडा लिटरला साडेदहा किलोमीटरच्या आसपास, आधी साडेअकरा होता. मला तो चटका रोज लागतो.

टायर मात्र पैसे वसूल. त्यातही खरी जादू हवेची. डांबरावर ३५ पीएसआय, ओढ्याअलीकडे थांबून २० करायची. पलीकडचा चढ पूर्वी दोन-तीन प्रयत्नांत व्हायचा, आता फोर लोमध्ये (चारही चाकांना संथ पण जास्त ताकद) दुसऱ्या गिअरला शांतपणे चढते. परत भरायला बॅटरीवरचा कंप्रेसर आहे, चार चाकांना वीसेक मिनिटं जातात. कंटाळा करून एकदा तसाच डांबरावर निघालो आणि कडा गरम होऊन वास आला. पुन्हा तसं केलं नाही.

विंच (अडकलेली गाडी ओढायचं दोराचं यंत्र) घेतली नाही. आमच्याकडे ट्रॅक्टर हाकेच्या अंतरावर असतो. चांगला पट्टा आणि दोन शॅकल (जोडायच्या लोखंडी कड्या) पुरतात, फक्त ते चासीला पक्क्या बसवलेल्या हुकलाच लावावेत. पुढे लोखंडी बंपर लावायचा आग्रह झाला, तोही नाकारला. डिसेंबर २०१७ मध्येच केंद्राने अशा बंपरवर, म्हणजे क्रॅश गार्डवर कारवाई करायला राज्यांना कळवलंय. शिवाय जानेवारी २०१९ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आहे: आरसीवरची माहिती कंपनीच्या मूळ माहितीपेक्षा वेगळी होईल असा बदल चालत नाही. आमचं मालवाहू पासिंग, दरवर्षी फिटनेसला गाडी उभी करायची. काम करून घेण्याआधी आरटीओत विचारा, दुकानदाराला नको.

ज्यांनी जुन्या पिकअपवर असा खर्च केलाय, त्यांना एकच विनंती. आज गाडीखाली जा आणि त्या टोपीला हात लावून बघा. बुजलेली असेल तर पाणी तपासायची पद्धत अशी: गाडी रात्रभर सपाटीला उभी ठेवा, पाणी जड असल्यामुळे तळाला बसतं. सकाळी इंजिन सुरू न करता ड्रेन प्लग जेमतेम सैल करा. पहिले थेंब पाण्याचे असतील तर लगेच कळतं.

मी हे आता दर पंधरा दिवसांनी करतो. परवा केलं तेव्हा सहा-सात आठवडे रोज पाण्यात गेलेली गाडी होती. पहिला थेंब माझ्या तळहातावर घेतला: मधाच्या रंगाचा, गिअर ऑइलचा तो उग्र वास, पाण्याचा मागमूस नाही. हौद्यामागच्या नळीचं वरचं टोक तेवढं उंदरांनी कुरतडलंय. तिथे जाळी गुंडाळून ठेवलीय, दिवाळीच्या सुट्टीत वीतभर नळी बदलायची आहे.