आपोआप बुकमार्किंग की हाताने शेअर करणं?

ट्रेकिंगवर लिहिणारी कोथरूडची एक मैत्रीण विचारत होती: लेखाची लिंक शेकडो बुकमार्किंग साइटवर (जिथे लोक आवडलेल्या लिंका साठवतात आणि इतरांना दाखवतात) आपोआप टाकणारी सेवा घ्यावी, की चार ठिकाणी स्वतःच टाकावी?

कष्टाच्या बाबतीत सेवा सरळ जिंकते. पैसे भरले, लिंक दिली, संपलं. हाताने करायचं तर रेडिटसारख्या चर्चेच्या साइटवर आधी त्या समूहाचे नियम वाचा, लोकांच्या प्रश्नांना उत्तरं द्या, मग कुठे आपली लिंक खपते. खर्च शून्य, पण संध्याकाळ गेली.

टिकण्याचं म्हणाल तर २००३ साली सुरू झालेली डिलिशस ही बुकमार्किंग साइट २०१७ मध्ये पिनबोर्ड या तशाच साइटने विकत घेतली आणि नव्या नोंदी थांबल्या. लिंका सुचवणारी स्टम्बलअपॉन २०१८ मध्ये बंद. उरलेल्या बहुतेक साइटवर माणूस फिरकत नाही. शिवाय बऱ्याच ठिकाणी लिंकला ‘नोफॉलो’ (ही लिंक मोजू नका, अशी सर्च इंजिनला दिलेली खूण) असतो, म्हणजे गूगलच्या क्रमवारीतही फारसं पदरात पडत नाही. गूगलच्या स्पॅम धोरणात तर आपोआप तयार केलेल्या लिंका आणि हलक्या बुकमार्क साइटवरच्या लिंका, दोन्हींचा स्पष्ट उल्लेख आहे. पैसे मोजून धोका घ्यायचा, कमाल आहे! याउलट राजगडाच्या पाली दरवाज्याच्या वाटेबद्दल कुणी विचारलं आणि तुम्ही नीट उत्तरासोबत लिंक दिली, तर ती पुढच्या पावसाळ्यातही कुणाला तरी सापडते.

वाचक हवे असतील तर हातानेच. वेळच नसेल तर आपल्या फेसबुक पानावर पोस्टची वेळ आधी लावून ठेवा. बुकमार्किंग सेवा फक्त महिनाअखेरीस साहेबांना लिंकांचा आकडा दाखवायचा असणाऱ्यांसाठी.