लक्स दाखवून लुमेन विकले, माझे 1,56,386 रुपये गेले

एक लाख छप्पन्न हजार तीनशे शहाऐंशी रुपये. एकेक बिल समोर ठेवून बेरीज केली आहे, आकडा ठोकून दिलेला नाही. सोलापुरातल्या यंत्रमाग कारखानदारांनी हे वाचावं म्हणून लिहितोय, कारण मला हे एलईडी दिवे विकणारा एजंट अजून अक्कलकोट रोड एमआयडीसीत बॅग घेऊन फिरतोय असं परवाच कानावर आलं.

वीजबिल अर्धं करून देतो म्हणणारे एजंट सगळ्यांच्या दारात येऊन गेलेत, त्यामुळे सुरुवात कशी होते ते सांगत बसत नाही. कागदावर गोडगोड आकडे, "आजच्या आज बुक केलं तर" आणि नग 3,400 चा भाव 2,850 वर. माझा शेड 4,000 चौरस फुटांचा. टॉवेलचे माग, वर 36 वॅटच्या दोन-दोन ट्यूब असलेल्या 32 पट्ट्या. त्या काढून 32 एलईडी दिवे बसवायचे ठरले. 91,200 अधिक 18 टक्के जीएसटी, एकूण 1,07,616. पैकी 60,000 एनईएफटीने आगाऊ, बाकीचे 47,616 माल उतरल्यावर चेकने. इलेक्ट्रिशियनची मजुरी 6,400, वायर आणि हुक 3,870. उरलेले 38,500 कुठे गेले ते पुढे येईलच.

आता तो क्षण. रात्री डोळा उघडला की मला तोच दिसतो.

नमुन्याचा एक दिवा त्याने शेडमध्ये लटकवला. बॅगेतून लक्समीटर, म्हणजे उजेड मोजायचं यंत्र, काढला, पांढऱ्या घुमटाचा, वायरवाला, बघताक्षणी विश्वास बसावा असा. स्टूल मागितलं, वर चढला आणि घुमट दिव्याखाली जेमतेम फूटभर अंतरावर धरला. आकडा आला 15,000. खाली उतरून त्याने कोटेशनवर लिहिलं, '50 वॅट, 15,000 लुमेन'. मीटरच्या पडद्यावर बारीक अक्षरात लक्स होतं आणि कागदावर लुमेन, दोन वेगळी मापं. दोन्ही माझ्या डोळ्यांसमोर. तेवढ्यात आमचे जॉबर, म्हणजे मागांची देखभाल करणारे, मामा म्हणाले, "मालक, मीटर जरा मागावर कापडावर ठेवून दाखवा म्हणा की." तो लगेच म्हणाला, "खाली सुताची धूळ आहे मामा, सेन्सर खराब होतो. हा कॅलिब्रेट केलेला मीटर आहे." मामा गप्प बसले. मीही पुढे काही विचारलं नाही.

तिथेच सगळं होतं! कारागीर उजेड कापडावर बघतो, छताला चिकटून कोण बघतं? पण मला सांगा, कुठल्या कारखानदाराला लक्स आणि लुमेन कोणी शिकवलेत? सुताचा काउंट मी बोटाने चाचपून सांगतो, रंगात पाव टोनचा फरक ओळखतो, तीस वर्षं हेच केलंय. दिव्याच्या बाबतीत मात्र आपल्या पिढीला एकच माप माहीत, वॅट. साठचा बल्ब, शंभरचा बल्ब. वॅट म्हणजे दिवा किती वीज खातो ते, उजेड किती देतो ते नव्हे, हे दुकानदारही सांगत नाही. जे माप लोकांना माहीत नाही त्याच मापाच्या नावावर लुटायचं, हा त्या माणसाचा धंदा आहे. त्याचा दोष मी माझ्या डोक्यावर घेणार नाही.

नंतर पॉलिटेक्निकमध्ये शिकवणाऱ्या पुतण्याने मला बसवून समजावलं. लुमेन म्हणजे दिव्यातून सगळ्या दिशांनी मिळून बाहेर पडणारा एकूण उजेड. लक्स म्हणजे त्यातला किती एका चौरस मीटरवर पडला ते. एक चौरस मीटरवर एक लुमेन पसरला की एक लक्स. आणि दिव्यापासून लांब गेलं की उजेड अंतराच्या वर्गाने घटतो, दुप्पट अंतरावर पाव, दहापट अंतरावर शंभरावा हिस्सा. माझा दिवा कापडापासून 10 फुटांवर टांगलाय. एका फुटावरचे 15,000 लक्स दहा फुटांवर 150 झाले. शेगडीवर वीतभर हात धरून अख्खं घर तापलं म्हणण्यासारखं ते दाखवणं होतं. शिवाय दिव्याला लेन्स होती. लेन्स उजेड वाढवत नाही, आहे तोच एका ठिकाणी गोळा करते. मधोमध मीटर धरला की आकडा फुगतो आणि बाजूला अंधार.

पुतण्याने रात्रपाळीत, शटर पाडून, कापडाच्या पातळीला मोजलं. मागची एक जुनी रांग बदलायची राहिली होती, त्या ट्यूबखाली 210 लक्स. नव्या दिव्याच्या बरोब्बर खाली 140. दोन दिव्यांच्या मध्ये 45. पंचेचाळीस! तिथे माग आहेत, माणसं उभी आहेत. सॉकेटला वॅटमीटर लावला तर 50 वॅटचा म्हणवणारा दिवा 28 वॅट घेत होता. म्हणून तर बिल कमी आलं होतं आणि मी पहिल्या महिन्यात खूश झालो होतो.

आणि साधा भागाकार करायचा होता. 15,000 भागिले 50, म्हणजे वॅटला 300 लुमेन. बाजारातला नेहमीचा चांगला एलईडी दिवा वॅटला 100 ते 150 च्या आसपास देतो. 683 ही वॅटमागे लुमेनची शेवटची मर्यादा, तीही डोळ्याला सगळ्यात जास्त जाणवणाऱ्या हिरव्या रंगाच्या, 555 नॅनोमीटरच्या निव्वळ प्रकाशाला. पांढऱ्या प्रकाशाची मर्यादा त्याच्या खूपच खाली. कोटेशन हातात आलं की आधी लुमेनला वॅटने भागा. 200 च्या वर उत्तर आलं तर चहा पाजून वाटेला लावा. चहा नाही पाजला तरी चालेल.

उजेड कमी झालाय हे आधी का कळलं नाही, असं घरातही विचारतात. कारण ते दिवे डोळ्यात खुपतात. 6500 केल्व्हिनचा निळसर पांढरा, वर बघितलं की डोळे दिपतात, आणि माणसाला वाटतं बघा किती उजेड. डोळ्यात घुसणारा उजेड वेगळा आणि कामावर पडणारा वेगळा. तुटलेला धागा दिसेना तेव्हा कारागिरांनी तक्रार केली. आमच्या मामांनी तर पहिल्याच आठवड्यात सांगितलं, धोटा (मागावर आडवा धागा घेऊन धावतो तो) मधूनच थांबल्यासारखा दिसतो. स्वस्तातल्या ड्रायव्हरचा (दिव्याला वीज पुरवणाऱ्या भागाचा) दिवा सेकंदाला 100 वेळा लुकलुकतो. नुसत्या डोळ्याला ते कळत नाही, पण फिरतं चाक किंवा पट्टा स्थिर असल्याचा भास होऊ शकतो. कोणाचा हात गेला असता तर? मोबाईलचा कॅमेरा दिव्यावर धरून बघा, पडद्यावर काळे पट्टे सरकताना दिसले तर तो दिवा मागाच्या वर नको.

आता ते 38,500. मरून रंगाच्या टॉवेलचा लॉट. नमुन्याशी मिळवून बघितला तो याच दिव्यांखाली, तंतोतंत जुळला. व्यापाऱ्याने दुकानाबाहेर उन्हात धरला तर दोन रंग. कोटेशनवर 'सीआरआय 90+' लिहिलेलं होतं, म्हणजे रंग खरे दाखवण्याचा आकडा, जो जास्तीत जास्त 100 असतो. स्वस्त दिव्यात लाल रंगाचाच हिस्सा तोकडा असतो, आणि आपल्या मालात मरून, लाल, राणी हेच रंग जास्त. व्यापाऱ्याने बिलातून 38,500 कापले. त्याच्याशी भांडायला मला तोंड नव्हतं. रंगाची छटा मिळवायची असेल तर सकाळी दहानंतर अंगणात या, कुठल्याही दिव्याच्या कागदावर विसंबू नका.

एजंटला फोन केला. "सर, व्होल्टेज कमी असेल." मग "भिंतींना चुना मारा." मग फोन बंद.

आणि मग सुरू झाला सरकारी दारांचा फेरा. नावं लिहीत नाही, पण शब्द लिहितो. पोलीस ठाण्यात साहेब म्हणाले, "दिवे दिले ना? लागतात ना? मग फसवणूक कसली, हे सिव्हिल मॅटर आहे." कोटेशनवर सही-शिक्का नाही, आणि पक्क्या बिलावर फक्त 'एलईडी फिटिंग 50 वॅट, 32 नग'. लुमेनचा उल्लेखच नाही! (म्हणून बिलावर लुमेन, वॅट, सीआरआय, मॉडेल नंबर लिहून घेतल्याशिवाय पैसा देऊ नका. चेक तर मापन झाल्यावरच.) ग्राहक तक्रारीसाठी गेलो तर टेबलावरचा माणूस म्हणतो, कारखान्यासाठी घेतलंत, तुम्ही ग्राहक नाही. 2019 च्या कायद्यात स्वयंरोजगारावर पोट भरणाऱ्याला सूट आहे, ते कलम मी छापून नेलं होतं. मी स्वतः मागावर उभा राहतो, बायको कांड्या भरते. त्याने कागदाकडे बघितलंसुद्धा नाही, "वकील करा" म्हणाला. दीड लाखासाठी वकील करायचा आणि तारखांना कारखाना बंद ठेवायचा!

पण सगळ्यात जास्त संताप आला तो माप-तोल बघणाऱ्या साहेबांचा. म्हणे, "आम्ही काटे तपासतो, पेट्रोलपंप तपासतो. उजेड काय मोजायची वस्तू आहे का? तुम्हाला कमी वाटतो, दुसऱ्याला जास्त वाटेल." अहो साहेब, 2009 चा वैध मापनशास्त्र कायदा तुमच्याच टेबलावर असतो. त्याच्या पाचव्या कलमात मीटर, किलोग्रॅम, सेकंद यांच्या ओळीत कँडेला आहे, प्रकाशतीव्रतेचं एकक. जगाने ठरवलेल्या सात मूळ एककांपैकी एक. 1979 साली त्याची व्याख्या नक्की झाली आणि लुमेन-लक्स त्याच्यावरूनच निघतात. दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेत त्याची प्रमाणं सांभाळली जातात. पाव किलो साखर कमी दिली तर दुकानदाराला दंड, आणि निम्म्याहून जास्त उजेड कमी दिला तर 'वाटण्यावर' आहे? मी हे बोललो तर शिपायाला बोलावून मला बाहेर काढायला सांगितलं. कर भरणारा माणूस, पन्नाशी ओलांडलेला, आणि वागणूक अशी.

खोक्यावर भारतीय मानक ब्युरोचा (बीआयएस) 'आर' अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक होता. तो बीआयएस केअर ॲपमध्ये घातला तर भलत्याच कंपनीचा निघाला, तोही मोबाईल चार्जरच्या ॲडॉप्टरचा. हे तपासायला एक मिनिट लागतं आणि पैसे देण्याआधी करता येतं. चाचणी अहवाल मागा, एलएम-79 म्हणतात त्याला. खरे लुमेन मोठ्या पोकळ गोळ्यात किंवा गोनिओफोटोमीटरवर, म्हणजे सगळ्या दिशांचा उजेड मोजणाऱ्या यंत्रावर, मोजतात, स्टुलावर चढून नाही. अहवालातला मॉडेल नंबर आणि दिव्यावरचा नंबर एकच आहे का बघा. मोबाईलमधल्या लक्स ॲपच्या आकड्यावर भरवसा नको, फोन बदलला की आकडा बदलतो. पण एकाच फोनने, एकाच मागावर, जुना दिवा आणि नवा दिवा अशी तुलना केलीत तर खोटेपणा लगेच उघडा पडतो. एकच नमुना घ्या, नेहमीच्या उंचीवर टांगा, रात्री बघा, आणि जॉबरला बोलू द्या.

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 क्रमांकावर तक्रार नोंदवली आहे, पोलिसांकडे लेखी अर्ज देऊन पोच घेतली आहे. पोच घेतल्याशिवाय कुठल्याही टेबलावरून उठू नका. एकट्याच्या अर्जाला कोणी विचारत नाही हे आता कळलंय. तुमच्याकडेही '50 वॅट, 15,000 लुमेन' लिहिलेलं कोटेशन आलं असेल तर ते फाडू नका, खोकी भंगारात देऊ नका, एनईएफटीची पावती काढून ठेवा. चार-पाच कारखानदार जमले की एकत्र अर्ज द्यायचा आहे, आणि तो मी लिहून तयार ठेवला आहे.