कोबिल्ड शब्दकोश: ‘हॅव’ या क्रियापदाच्या कसोटीवर

‘हॅव’ हे इंग्रजी क्रियापद आपल्याला शाळेच्या पहिल्या वर्षांपासून भेटते, त्यामुळे त्यासाठी शब्दकोश उघडावा असे सहसा कोणाला वाटत नाही. मराठीत मात्र त्याच्या तोडीचे एकच एक क्रियापद नाही. ‘मला दोन भाऊ आहेत’, ‘माझ्याकडे गाडी आहे’, ‘तिचे डोळे घारे आहेत’, ‘त्याला ताप आहे’ या चारही वाक्यांत आपण ‘असणे’ वापरतो आणि नाते, मालकी, गुण, आजार यांतला फरक विभक्तीवर किंवा शब्दयोगी अव्ययावर सोपवतो. इंग्रजी हे सारे ‘हॅव’वर भागवते. म्हणून विद्यार्थ्यांना इंग्रजी-इंग्रजी शब्दकोश सुचवण्याआधी मी त्यातली ‘हॅव’ची नोंद वाचतो, आणि या कसोटीवर कॉलिन्स या प्रकाशनसंस्थेचा कोबिल्ड शब्दकोश मला सर्वांत उपयोगी वाटला.

हा शब्दकोश बर्मिंगहॅम विद्यापीठात जॉन सिंक्लेअर यांच्या नेतृत्वाखाली तयार झाला आणि त्याची पहिली आवृत्ती १९८७ मध्ये निघाली. लोकांनी प्रत्यक्षात लिहिलेल्या व बोललेल्या इंग्रजीचा मोठा साठा संगणकावर जमवून त्यातून अर्थ आणि उदाहरणे काढणे, हा त्याचा पाया आहे. प्रतिशब्दांची रांग लावण्याऐवजी तो अर्थ पूर्ण वाक्यात सांगतो, त्यामुळे शब्द कोणाबद्दल आणि कोणत्या प्रसंगी वापरतात हेही त्याच वाक्यातून कळते.

‘हॅव’ची नोंद त्याने चार भागांत विभागली आहे: साहाय्यक क्रियापद म्हणून होणारा वापर, कृतिवाचक नामांबरोबरचा वापर, मालकी वगैरे इतर अर्थ, आणि ‘हॅव टू’सारखे बंधन सांगणारे प्रयोग. यांतला दुसरा भाग मला फार मोलाचा वाटतो. अंघोळ, गप्पा, भांडण, विश्रांती अशा अर्थांच्या नामांबरोबर ‘हॅव’ येते तेव्हा अर्थाचा भार मुख्यतः नामावर असतो, हे कोबिल्ड स्पष्ट सांगतो. मराठी वाचकाला हे पटकन उमगते, कारण आपणही अंघोळ ‘करतो’, विश्रांती ‘घेतो’ आणि गप्पा ‘मारतो’, आणि त्या ‘मारण्या’त मार कुठेच नसतो.

या विभागणीमुळे एक जुना गोंधळही सुटतो. ‘आय अॅम हॅविंग लंच’ हे बरोबर, मग ‘आय अॅम हॅविंग अ कार’ हे चूक का, असे मुले विचारतात. त्यांचा प्रश्न रास्त आहे, कारण ‘मी जेवतो आहे’ आणि ‘माझ्याकडे गाडी आहे’ या दोन्ही मराठी वाक्यांच्या शेवटी ‘आहे’च येते. जेवण ही चालू असलेली कृती आहे, तर गाडी असणे ही स्थिती आहे, आणि नोंदीत हे दोन अर्थ वेगवेगळ्या भागांत पडल्यामुळे तो फरक बोट ठेवून दाखवता येतो. केस कापून घेणे, घड्याळ दुरुस्त करून घेणे यांसाठी येणारी ‘हॅव’ची रचनाही येथे वेगळी दिलेली आहे. आपल्याकडचे ‘करून घेणे’ तिला इतके चपखल बसते की ती पाठ करण्याची गरजच उरत नाही.

उणीव आहे ती मांडणीत. मालकीच्या अर्थी चालू काळ वापरत नाहीत हा नियम कोबिल्ड देतो, पण तो ‘नो कॉन्ट’ (‘नो कन्टिन्युअस’, म्हणजे चालू काळ नाही) अशा लहानशा संक्षेपात, आणि प्रस्तावनेतली संक्षेपांची यादी न वाचलेल्या विद्यार्थ्याची नजर त्यावरून सहज निसटते. आपल्याकडे ज्या चुकीवर सर्वाधिक वेळ खर्च होतो तिच्यासाठी एक पूर्ण वाक्य खर्ची घालायला हवे होते, विशेषतः बाकी सारे पूर्ण वाक्यांत सांगणाऱ्या शब्दकोशाने.

ज्यांना अजून साधा इंग्रजी परिच्छेद वाचताना अडखळायला होते त्यांनी आधी इंग्रजी-मराठी शब्दकोशच वापरावा. नववी-दहावीच्या पुढच्या मुलांना आणि त्यांच्या शिक्षकांना मात्र मी कोबिल्ड निःसंकोच सुचवेन. कॉलिन्सच्या संकेतस्थळावर त्यातल्या नोंदी विनामूल्य वाचता येतात, तेव्हा विकत घेण्याआधी तिथे ‘हॅव’ची नोंद उघडावी आणि प्रत्येक अर्थासमोर आपले एक मराठी वाक्य वहीत लिहून पाहावे.