घराचे कागद वाचून देणाऱ्या वकीलबाई: पाचपैकी चार

टायटल क्लिअर आहे, टोकन देऊन टाका, साठेखत करू, ताबा लगेच. एजंटच्या प्रत्येक वाक्याला मी मान डोलावत होते. शब्द कानावरून गेलेले, त्यामुळे अर्थही कळल्यासारखा वाटायचा. सहीच्या आदल्या आठवड्यात नणंदेच्या ओळखीने एका वकीलबाईंकडे मसुदा घेऊन गेले. काम एवढंच: कागद वाचायचे आणि मला समजतील असे सांगायचे.

पहिला अर्धा तास त्यांनी काहीच सांगितलं नाही. हातात पिवळा मार्कर दिला. "जो शब्द जाऊबाईंना समजावून सांगता येणार नाही, तो रंगवा." दुसरं पान संपेपर्यंत सगळं पिवळंधमक.

साठेखतावर सगळ्यात जास्त वेळ गेला. मी त्यालाच खरेदी समजत होते. साठेखत म्हणजे विकण्याचा करार. मालकी हातात येते ती खरेदीखताने. मधल्या काळात कोण चुकलं तर काय, ते साठेखतातच लिहून घ्यायचं. माझ्या मसुद्यात माझा हप्ता लांबला तर व्याज होतं, मालकाने ताबा लांबवला तर काय, याबद्दल अवाक्षर नव्हतं. बाईंनी तिथे पेन्सिलने भलंमोठं प्रश्नचिन्ह काढलं. विसाराचं, म्हणजे आधी द्यायच्या टोकनचं, तसंच. "परत मिळतो हो," असं एजंट तोंडी म्हणालेला. कागदावर 'व्यवहार मोडल्यास विसार जप्त', मग मोडणारा कोणी का असेना! बँकेने कर्ज नाकारलं तर विसार पूर्ण परत, हे वाक्य बाईंनी घालून घेतलं.

मग 'बोजा'. मालकाचं जुनं कर्ज चालू होतं आणि घर बँकेकडे गहाण. त्यांनी लपवलं नव्हतं, पण याला क्लिअर टायटल, म्हणजे निर्वेध मालकी, म्हणत नाहीत. आता माझ्या पैशातून आधी त्यांची बँक फिटणार, गहाण सुटल्याचा कागद हातात येणार, मग खरेदीखत.

कार्पेटचं, म्हणजे भिंतींच्या आतल्या वापराच्या जागेचं, गणित बाईंनी आमच्यावरच सोपवलं. जाहिरातीत ८५० चौरस फूट. नवऱ्याने टेपचं एक टोक धरलं, मी दुसरं. भिंतींच्या आत भरले ६१०. बाकीचं भिंती, जिना, लॉबी यांच्या वाट्याचं; हे सगळं धरून जाहिरातीतला आकडा, तो सुपर बिल्ट-अप. कपाट काही लॉबीत ठेवता येत नाही.

एक गुण कापला तो कर्जासाठी. फ्लोटिंग, म्हणजे मधेच वर-खाली होणाऱ्या, व्याजदराचं विचारलं तर "ते बँकेत विचारा", आणि नजर घड्याळाकडे, कारण फी तासावर. साडेआठ टक्क्यांनी २० वर्षांचं कर्ज घेतलं तर पहिल्या हप्त्यातले पाचातले चार हिस्से व्याजातच जातात, हे मी घरी कॅलक्युलेटरवर काढलं. बाई फोनही क्वचितच उचलतात.

जाणार असाल तर मसुद्याची झेरॉक्स न्या. मी मूळ प्रतच रंगवली, आणि एजंटने ती दोन बोटांत धरून बराच वेळ बघितली.